उतारावर कोणती सायकल?

दोस्तांनो, मागच्या अंकात आपण पंक्चर काढायला शिकलो. परातीत पाणी, पाण्यात ट्यूब आणि बुडबुडे कुठून येतात ते बघत बसायचं! आज त्याहून अवघड प्रश्न घेऊ या. सायकल निवडायची कशी?

तुम्ही म्हणाल, त्यात काय अवघड! दुकानात जायचं, सगळ्यात झकास दिसेल तिच्यावर बोट ठेवायचं. जाड टायर, मागे-पुढे शॉकअप, हँडलवर गिअरचे आकडे, अंगावर विजेची चित्रं. थांबा, थांबा. दुकानदार विचारेल, ‘रंग कोणता देऊ?’ मी विचारतो, ‘चालवणार कुठे?’

समजा, तुम्ही शेणव्यात राहता. ठाणे जिल्ह्यातला शहापूर तालुका. शहापूरहून डोळखांबकडे जाताना शेणवा लागतं. पलीकडे किन्हवली, त्याच्या पुढे मुरबाड तालुका. मान वर केली की आजोबाचा डोंगर आणि सह्याद्रीची भिंत. गावातून डांबरी रस्ता जातो, पण गावापासून पाड्यांपर्यंत जायचं म्हणजे मुरमाचे कच्चे रस्ते, सागाच्या जंगलातल्या पायवाटा, मध्येच एखादा ओहोळ, आणि जिकडेतिकडे भातखाचरं. एकच सायकल घ्यायला पैसे आहेत, आणि ती तुम्ही, धाकटी बहीण आणि रविवारी बाबा असे तिघं वापरणार आहात. बोला, आता कोणती घ्याल?

ब्रिटनमध्ये वेल्सच्या डोंगरात ‘कोएड-इ-ब्रेनिन’ नावाचं एक जंगल आहे. १९९०च्या दशकात तिथे खास डोंगरी सायकलींसाठी वाटा आखल्या. अशी केंद्रं आता ब्रिटनभर झाली आहेत. त्यांत प्रत्येक वाटेला रंग दिलेला असतो. हिरवी म्हणजे सोपी, निळी म्हणजे मध्यम, लाल म्हणजे अवघड आणि काळी म्हणजे पक्क्या तरबेजांसाठी. आधी पाटीवरचा रंग बघायचा, मग त्या वाटेला साजेशी सायकल घ्यायची. शेणव्याच्या वाटांना कुणी रंग दिलेले नाहीत. पण म्हणून काय झालं? आपण देऊ!

शहापूर किंवा किन्हवलीकडे जाणारा डांबरी रस्ता हिरवा. (वाहनांकडे लक्ष ठेवून, बरं का! आणि मुंबई-नाशिक महामार्ग या यादीत नाहीच. तिकडे आपलं काम नाही.) पाड्याकडे जाणारा मुरमाचा रस्ता निळा. जंगलातली दगडगोट्यांची, मुळांची पायवाट लाल. फेब्रुवारी-मार्चमध्ये सागाची भली मोठी पानं पडतात आणि खालचे दगड झाकतात, तेव्हा तर ही वाट दुप्पट लाल समजा. वाळलेल्या पानांवर चाक असं घसरतं की विचारू नका. आणि काळी? माहुलीची चढण, आजोबाची वाट, मुरबाड तालुक्यातला नाणेघाट. नाणेघाटातून दोन हजार वर्षांपूर्वी व्यापाऱ्यांचे तांडे जुन्नरकडे चढत होते. ती दगडी वाट पायांसाठी आणि खुरांसाठी आहे. सायकल खाली ठेवून चालत जा.

एक वाट मात्र कोणत्याच रंगात येत नाही. ती म्हणजे खाचराचा बांध. चालवायला मजा येते, कबूल. पण ओल्या बांधावरून चाक गेलं की त्याला चर पडते आणि खाचरातलं पाणी त्यातून निघून जातं. ज्याची लावणी आहे त्याने ओरडावं, यात नवल नाही. आणि तानसा अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याच्या परवानगीशिवाय शिरायचं नाही.

आता सायकलींकडे वळू. त्याआधी डोंगरी सायकल जन्मली कशी ते ऐका, म्हणजे निवड आपोआप सोपी होईल.

अमेरिकेत कॅलिफोर्नियात माउंट टॅमलपाइस नावाचा डोंगर आहे. १९७०च्या दशकात तिथल्या काही तरुण पोरांना उतारावरून सुसाट खाली येण्याचा नाद लागला. शर्यतीच्या नाजूक सायकली तिथे टिकेनात. मग त्यांनी काय केलं? अडगळीतून तीस-चाळीस वर्षं जुन्या, जडशीळ, फुगीर टायरच्या सायकली बाहेर काढल्या. त्यांना ना गिअर, ना शॉकअप. पायडल उलटं दाबलं की मागच्या चाकाच्या तुंब्यात ब्रेक लागायचा, एवढंच. १९७६मध्ये त्यांनी एका उतारावर शर्यती सुरू केल्या. सुमारे तीन किलोमीटरच्या वाटेत चारशे मीटर उतार! खाली पोचेपर्यंत ब्रेक इतका तापायचा की तुंब्यातलं ग्रीस जळून त्याचा धूर व्हायचा. प्रत्येक वेळी तुंबा उघडून नवं ग्रीस भरावं लागे. इंग्रजीत याला ‘रिपॅक’ म्हणतात, आणि त्या उताराचं नावच ‘रिपॅक’ पडलं.

त्या पोरांना हौसेपेक्षा गरज शिकवत होती. टायर जाड होतेच. मग ब्रेक सुधारले. गॅरी फिशरने जुन्या सायकलीला ड्रम ब्रेक आणि मोटरसायकलचे ब्रेकदांडे बसवले. डोंगर पुन्हा चढायचा तर गिअर हवेत, म्हणून गिअर आले. १९७७मध्ये जो ब्रीझने खास या कामासाठी नवी फ्रेम बनवायला घेतली. १९८१मध्ये कारखान्यात घाऊक बनलेली ‘स्टंपजंपर’ बाजारात आली. पुढच्या चाकाचे शॉकअप रुळले ते थेट १९९०च्या सुमारास. आणि १९९६मध्ये अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये डोंगरी सायकलींची शर्यत झाली.

क्रम ध्यानात आला का? आधी टायर, मग ब्रेक, मग गिअर, शॉकअप सगळ्यात शेवटी. आणि स्वस्तातली ‘डोंगरी’ सायकल विकताना काय दाखवतात? बरोबर उलटं! आधी शॉकअप, मग गिअरचा आकडा, आणि ब्रेकचं कुणी नावच काढत नाही.

म्हणून आपण खऱ्या क्रमाने जाऊ. टायरचं थोडक्यात सांगतो. मुरमावर आणि दगडांवर रुंद टायर चांगला, दोन इंचांच्या आसपासचा. पण मोठ्या दातांचा टायर डांबरी रस्त्यावर घुंऽऽ असा आवाज करतो आणि जोर खातो. रोजचा रस्ता डांबरी असेल तर बारीक नक्षीचा रुंद टायर घ्या.

ब्रेकचं मात्र नीट ऐका. इथे हातपाय वाचवण्याचा प्रश्न आहे.

तुमच्या घरी बाबांची किंवा आजोबांची काळी सायकल असेल. तिच्या रिम लोखंडी, चकचकीत मुलामा दिलेल्या. ब्रेक सळईचा, त्याचं रबर रिमला घासतं. कोरडं असताना ठीक. पण पावसात ओल्या चकचकीत लोखंडावर रबर नुसतं घसरतं. दांडा हँडलला टेकेपर्यंत दाबला तरी सायकल पुढे पळतच राहते. सपाट रस्त्यावर पाय टेकवून निभावता येतं. पण पाड्यावरून ओहोळाकडे उतरणाऱ्या रस्त्यावर, जुलै महिन्यात, मागे कॅरिअरवर बहीण बसलेली असताना? अशा वेळी काळ्या सायकलीवरून उतरायचं आणि ती हातात धरून चालायचं. यात भित्रेपणा बिलकूल नाही.

अॅल्युमिनियमच्या रिमवर ओल्यातही ब्रेक पुष्कळ बरा लागतो. म्हणून डोंगरी सायकल घेताना पहिला प्रश्न, ‘रिम कशाची?’ चुंबक नेलात तर उत्तम. चिकटला तर लोखंड! डिस्क ब्रेक असेल तर तो रिमच्या पाण्यापासून दूर असतो, हे खरं. पण स्वस्त डिस्क वरचेवर जुळवावी लागते, आणि तिच्या आतल्या पट्ट्या गावच्या मिस्त्रीकडे मिळतील का, ते आधी विचारा.

आणखी एक. उतारावर ब्रेक दाबला की तुमचं वजन पुढे जातं. म्हणून पुढचा ब्रेक जास्त काम करतो, आणि तोच एकदम आवळला तर तुम्हाला हँडलवरून फेकतो. दोन्ही ब्रेक हळूहळू, एकत्र दाबायचे आणि बूड सीटच्या मागे न्यायचं. कोणत्या हाताला कोणता ब्रेक आहे हे प्रत्येक नव्या सायकलीवर बसण्याआधी चाक फिरवून बघा. मित्राच्या सायकलीवर तर नक्कीच.

आता गिअर. इथे थोडं गणित आहे. पळू नका! काळ्या सायकलीच्या पुढच्या दातेरी चाकाला समजा ४४ दाते आणि मागच्याला १८. पायडलचा एक फेरा झाला की मागचं चाक ४४ भागिले १८, म्हणजे जवळजवळ अडीच फेरे फिरतं. चाकाचा घेर साधारण २.२ मीटर. म्हणजे एका फेऱ्यात सायकल जवळजवळ साडेपाच मीटर पुढे. डोंगरी सायकलीच्या सगळ्यात हलक्या गिअरला पुढे २४ आणि मागे २८ दाते असले, तर चाक पुरता एक फेराही फिरत नाही. सायकल पावणेदोन मीटरच सरकते. पाय तिप्पट वेळा फिरवावे लागतात, पण दर वेळी जोर तिसरा हिस्साच लागतो. म्हणून चढावर मित्र उतरून ढकलत असतो आणि तुम्ही मुंगीसारखे का होईना, चढत असता.

पण १८ गिअर म्हणजे अठरा वेगळे वेग, असं समजू नका. पुढची तीन आणि मागची सहा चाकं, तीन सक अठरा, एवढाच हिशेब. त्यातले बरेच गिअर जवळपास सारखेच असतात. शिवाय मागच्या चाकापाशी लोंबणारं गिअरचं यंत्र नाजूक असतं. सायकल उजव्या अंगावर पडली की ते वाकतं आणि चेन आऱ्यांत जाते. माझं मत विचाराल तर शेणव्यासारख्या ठिकाणी पुढे एकच चाक आणि मागे सहा-सात, एवढे गिअर भरपूर झाले.

शॉकअप? स्वस्त सायकलीचा मागचा शॉकअप नकोच. चढावर तुम्ही पायडल मारता तेव्हा तो खालीवर होत बसतो आणि तुमचा जोर स्प्रिंग दाबण्यात जातो. वर तीन-चार किलो लोखंड फुकटचं वाहायचं. तेवढ्या पैशांत चांगले ब्रेक येतात.

मापाचं काय? सायकलच्या मधल्या दांडीवर दोन्ही पाय जमिनीला टेकवून उभे राहा. डोंगराळ वाटेवर चालवायची तर दांडी आणि तुमच्यामध्ये निदान चार बोटं अंतर हवं. कारण लाल वाटेवर उडी मारून उतरावं लागतं आणि तेव्हा दांडी लागली तर... सांगायला नको! ‘पुढे उंची वाढेल’ म्हणून मोठी सायकल घेणारे आईबाबा असतात. त्यांना हा परिच्छेद वाचायला द्या. आपल्यापैकी कित्येक जण मोठ्या सायकलीवर दांडीखालून पाय घालून हाफ पायडल शिकले आहेत, पण ते शिकणं मैदानावरचं. उतारावर कैची नको.

आणि मुलांनो, ‘लेडीज सायकल आहे, मी नाही बसणार’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांना मी हसतो. तिची दांडी खाली असते म्हणूनच तिच्यावरून चटकन उतरता येतं. आजच्या डोंगरी सायकलींची मधली दांडी बघा, सीटकडे कशी उतरत जाते! कारण तेच. बहिणीलाही चालवायची आहे ना? मग उंच दांडीची सायकल बादच झाली.

तर त्या एकाच सायकलीचं काय करायचं? रोजची शाळा डांबरी रस्त्याने असेल, आणि पोतं, दुधाची किटली वाहायची असेल, तर काळ्या सायकलीला तोड नाही. वीस-बावीस किलोंची असली तरी तिची ट्यूब, टायर, वॉलट्यूब कुठेही मिळते. लाल वाट फक्त रविवारची हौस असेल तर त्या दिवशी मित्राची डोंगरी सायकल मागून घ्या, आणि धुऊन परत करा. पण तुमचं घर पाड्यावर असेल आणि रोज शाळेला जाताना तो ओला उतार असेल, तर नव्या सायकलीचे पैसे ब्रेकवर घालवा. रुंद टायर, अॅल्युमिनियमच्या रिम, शॉकअप नको, मागे भक्कम कॅरिअर, आणि मडगार्ड हवेतच, नाहीतर शाळेत पोचेपर्यंत पाठीवर चिखलाची नक्षी! कॅरिअर लावायला दुकानदार ‘या मॉडेलला बसत नाही’ म्हणाला, तर दुसरं मॉडेल बघा.

घरातली सायकल कितपत थांबते, हे तपासायला खर्च नाही. शाळेच्या मैदानावर फक्कीने एक रेघ मारा. नेहमीच्या वेगाने या, रेघेवर ब्रेक दाबा, थांबलात की पावलं मोजा. मग दोन्ही रिमवर तांब्याभर पाणी ओता आणि लगेच पुन्हा तेच करा. पुढे कुणी उभं राहू नका हं! सायकल लोखंडी रिमची की अॅल्युमिनियमची, कोरडी किती पावलं आणि ओली किती, असे चार शब्द पोस्टकार्डावर लिहून पाठवा. आलेले आकडे एका तक्त्यात मांडून पुढच्या महिन्यात याच पानावर छापू.