फावल्या वेळातले काम

मार्च २०२० मध्ये देशभर टाळेबंदी झाली, माणसे घरात अडकली आणि ‘घरबसल्या काय करावे’ ह्या विषयावरच्या लेखनाला जो पूर आला तो अजून पुरता ओसरलेला नाही. शिवणकाम करा, जुन्या कापडाची गोधडी शिवा, कागदाची फुले करा, म्हणजे मन रमेल आणि वेळ चांगला जाईल, असा त्या सगळ्याचा सूर असतो. सल्ला वाईट नाही. मला स्वतःला बऱ्यापैकी धावदोरा घालता येतो. आमच्या आजीने नातवंडांत मुलगा-मुलगी असा भेद न करता सगळ्यांच्याच हाती सुई दिली होती, हे तिचे उपकार. पण ‘वेळ चांगला जाईल’ हे शब्द वाचले की मला राहवत नाही. ज्या बायकांनी आपल्या भागात ही कामे पिढ्यान्‌पिढ्या केली, त्यांच्यापाशी घालवायला वेळ होता कधी?

गोधडीचेच पाहा. कोणी तिला वाकळ म्हणतात, कन्नडमध्ये ती कौदी होते, तान्ह्या मुलाची झाली की दुपटे. (आपल्या अंकाचे विभाग दोन असले तरी चिंधीला दोन्हीकडे चिंधीच म्हणतात, हे जाता जाता सांगून ठेवतो.) ती शिवायचा हंगाम ठरलेला असे. सुगी आटोपली, धान्य घरात आले की उन्हाळ्यात शिवायला बसायचे, कारण मृगाचा पाऊस लागला की शेतातून डोके वर काढता येणार नाही आणि पांघरूण तर तेव्हाच लागणार. नवरात्राच्या आधी घरातल्या साऱ्या वाकळा नदीवर नाहीतर विहिरीवर नेऊन आपटून धुवायच्या. म्हणजे शेतकामाच्या वेळापत्रकात गोधडीचा रकाना पेरणी-मळणीसारखाच आखलेला होता. त्याला फावला वेळ म्हणणे म्हणजे कॉलेजच्या परीक्षेला सुट्टीतला उद्योग म्हणण्यासारखे आहे.

गोधडीवर कोणी लेख लिहिला की त्यात ‘आजीच्या मायेची ऊब’ हटकून येते. मला ह्या मायेच्या उबेचा मनस्वी कंटाळा आला आहे. ऊब थरांमध्ये अडकलेल्या हवेची असते. हवा उष्णता सहजासहजी वाहून नेत नाही, म्हणून दोन लुगड्यांच्या मध्ये जुनी धोतरे, सदरे, परकर असे थरावर थर घालायचे. आणि ते थर एकमेकांवरून सरकू नयेत, गोळा होऊ नयेत म्हणून त्यांना इतके जवळजवळ टाके घालायचे. आजीला माया होतीच, ती असो. पण तिला ह्याखेरीज हेही पक्के ठाऊक होते की कोणते कापड आत जाते आणि कोणते वर राहते, कडा कुठल्या लुगड्याच्या काठाची घ्यावी, विरलेल्या जागी किती पदर जास्त द्यावेत. ह्या ठाऊक असण्याला आपण ज्ञान म्हणत नाही आणि माया म्हणून मोकळे होतो. माया म्हटले की मोबदल्याचा प्रश्नही आपोआप मिटतो.

मी गणिताचा माणूस, तेव्हा एकदा हिशेबच करून पाहिला. आमच्या घरी एक जुनी वाकळ आहे, सहा फूट लांब, चार फूट रुंद. टाक्यांच्या ओळी साधारण अर्ध्या अर्ध्या इंचावर आहेत, म्हणजे चार फुटांत ९६ ओळी. इंचाला तीन टाके धरले तर ७२ इंचांच्या एका ओळीत २१६ टाके, आणि सगळ्या वाकळेत २०,७३६. हात चांगला बसलेली बाई मिनिटाला पंधरा टाके घालते असे धरू. त्या हिशेबाने नुसते टाके घालायलाच २३ तास लागतात. कापड फाडणे, अंथरणे, कोपऱ्यांवर वजने ठेवून ताणणे, ठिगळे जुळवणे, सुईत दोरा ओवणे आणि मधूनच चुलीवरचे उतू जाणारे दूध उतरवायला धावणे हे सगळे ह्याखेरीज. आठ तासांचा दिवस धरला तर तीन दिवसांची पुरी मजुरी झाली. कॉमर्सच्या विद्यार्थ्यांनी आजच्या मजुरीच्या दराने ह्याची किंमत काढावी आणि मग दारावर आलेल्या गोधडीवालीशी आपल्या घरची मंडळी कितीवरून घासाघीस करतात ते आठवावे. घरोघर फिरून वाकळा शिवून देणाऱ्या अशा बायका आपल्याकडे पूर्वी येत, क्वचित अजूनही येतात. काही पैसे, थोडे धान्य आणि दुपारचे जेवण एवढ्यावर त्यांची बोळवण होई.

‘आजच्या मुलींना सुई धरता येत नाही, म्हणून गोधडी गेली’ असे आमच्या पिढीतले लोक फार म्हणतात. मला हे साफ नामंजूर आहे. गोधडी कमी झाली ती आधी कापडापायी. सुती लुगडे जितके धुवावे तितके मऊ होत जाते, घाम टिपते आणि सुईला वाट देते. नायलॉन, टेरिलीन, पॉलिस्टर आले. साड्या वाळायला सोप्या झाल्या, वर्षानुवर्षे विटेनाशा झाल्या, बायकांचा धुण्याचा त्रास वाचला आणि ते चांगलेच झाले. पण त्या कापडाचे थर एकमेकांवरून निसटतात, घाम टिपत नाहीत आणि पांघरले की चिकटल्यासारखे होते. जुने सुती कापड घरात साठेनासे झाल्यावर मुलींनी गोधडी शिवायची ती कशाची? त्यातच पानिपतच्या गिरण्यांतली स्वस्त कांबळी बाजारात आली. गंमत अशी की तिथल्या कित्येक कांबळी जगभरच्या टाकून दिलेल्या लोकरी कपड्यांच्या चिंध्या पिंजून, त्यांचे पुन्हा सूत काढून बनत आल्या आहेत. म्हणजे युक्ती आजीचीच, फक्त ती यंत्रावर चढली आणि लगेच तिला उद्योग हे नाव मिळाले.

आता आपल्या शेजारच्या रानातले उदाहरण देतो. हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड ह्या भागात आणि आपल्या खानापूर तालुक्यातही सिद्दी लोकांची वस्ती आहे. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतले. पोर्तुगीजांनी आणि इतरांनी गुलाम म्हणून ज्यांना आणले त्यांच्यापैकी कितीतरी जण गोव्यातून निसटून ह्या जंगलांत आले. त्यांच्यात हिंदू आहेत, मुसलमान आहेत, ख्रिस्ती आहेत. घरात बोलतात ती कोकणी, तिच्यात मराठी आणि कन्नड मिसळलेली. त्यांच्या बायका जी गोधडी शिवतात तिला कवंद किंवा कवंदी म्हणतात. आपल्याकडे आधी थर पसरून मग एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाण्याची पद्धत अधिक. सिद्दी बाई कडेपासून सुरुवात करते, ठिगळ लावत आणि टाका घालत चारी बाजूंनी फिरत आत आत येते आणि मधोमध संपवते. चारी कोपऱ्यांवर घडी घातलेल्या कापडाचे फूल बसवल्याखेरीज ती कवंद पुरी झाली असे मानत नाहीत. फुलांवाचून ती उघडी दिसते म्हणतात. अमेरिकेतले कलेतिहासाचे प्राध्यापक हेन्री ड्रुअल ह्यांनी ह्या कवंदींचा अभ्यास केला, तिकडे त्यांची प्रदर्शने झाली. बेळगावहून खानापूर ते किती लांब? तरी आपल्या कॉलेजातून सहल गोव्याच्या समुद्रावर जाते, तिथे जात नाही.

धारवाडकडचे कशिदाकाम, म्हणजे कसुती, ह्याविषयी तर माझी तक्रार गणिताच्या प्राध्यापकाची आहे. इरकली साडीवर, विशेषतः काळ्या चंद्रकळेवर, गोपुर, रथ, पालखी, तुळशीवृंदावन, हत्ती ह्यांची नक्षी भरलेली तुम्ही पाहिली असेल. गवंती, मुरगी, नेगी आणि मेंती असे तिचे चार टाके. नेगी म्हणजे विणल्यासारखा, मेंती म्हणजे मेथीच्या दाण्यासारखा. कापडावर आधी पेन्सिलीने काही काढायचे नाही. उभे-आडवे धागे मोजत जायचे. दोऱ्याला गाठ मारायची नाही. गवंतीत सुई एक घर सोडून एक टाका घालत पुढे जाते आणि परत येताना सोडलेली घरे भरते, त्यामुळे नक्षी सुलटीकडून जशी दिसते तशीच उलटीकडूनही दिसते.

ह्यात गणित कुठे आले? नक्षीतली प्रत्येक रेघ सुई दोनदा चालते, एकदा कापडाच्या वरून, एकदा खालून. कोनिग्सबर्गच्या सात पुलांवरून, एकही पूल दुसऱ्यांदा न ओलांडता, सगळे फिरून येता येईल का, हा प्रश्न ऑयलरने १७३६ मध्ये सोडवला आणि नाही असे उत्तर दिले, कारण तिथल्या नाक्यांना मिळणाऱ्या वाटांची संख्या विषम होती. पण प्रत्येक वाट दोनदा चालायची ठरवली की प्रत्येक नाक्यावरची संख्या आपोआप सम होते, आणि नक्षी कुठे तुटलेली नसेल तर निघालेल्या ठिकाणी परत आणणारी वाट हमखास सापडते. आमच्या वर्गात मी जर्मन राजवटीतल्या त्या गावाचे पूल फळ्यावर काढतो. धारवाडचे गोपुर काढले तर सिद्धांत तोच राहील आणि मागच्या बाकावरची मुलगी कदाचित म्हणेल, सर, हे आमच्या आत्याला येते. कसुतीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे; पाठ्यपुस्तकात जागा मात्र अजून मिळायची आहे.

कागदाबद्दल थोडक्यात लिहितो, कारण त्यात माझी गती कमी. आमच्या लहानपणी वार्षिक परीक्षा झाली की जुन्या वह्यांतली कोरी पाने काढून, दाभणाने भोके पाडून, जाड दोऱ्याने शिवून रफ वही करायची हा घरोघरचा नियम होता. पुठ्ठ्याला मैद्याची खळ लावायची आणि किडे लागू नयेत म्हणून तिच्यात चिमूटभर मोरचूद टाकायचे. रद्दी भिजवून, भिजलेली मेथी वाटून तिच्यात कालवायची आणि त्या लगद्याने सुपे-टोपल्या लिंपायच्या. मेथीच्या चिकटपणाने कागद घट्ट धरतो. पतंगाच्या कागदाचा आकाशकंदील तर सांगायलाच नको. ह्यातले काहीही कुणी छंद म्हणून करत नव्हते.

तरीही आपल्या स्नेहसंमेलनाच्या सूचनाफलकावर दरसाल लागते काय? ‘शिवणकाम, भरतकाम व कागदकाम स्पर्धा (फक्त विद्यार्थिनींसाठी)’. हा कंस मला खुपतो. आपल्या बाजारपेठेत फिरून पाहा: शिंप्याच्या दुकानात मशीनवर बसलेला बहुतेक पुरुष असतो. वडगाव, शहापूर, खासबागेत मागावर पुरुष असतो आणि बाबिणी भरणारी त्याची बायको. सुई-दोऱ्याला रोख मजुरी मिळाली की ते पुरुषाचे काम, आणि न मिळाली की बायकांचा छंद, अशी ही वाटणी आहे.

हाताने काम करण्याची सक्ती करून काही साधत नाही, हेही मला माहीत आहे, आणि त्याचा दाखला खुद्द आपल्या गावात आहे. डिसेंबर १९२४ मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली इथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. टिळकवाडीतली काँग्रेस विहीर त्याची साक्ष आहे. त्या अधिवेशनात सभासदाने दरमहा २,००० यार्ड सूत द्यावे असा नियम मान्य झाला. पण त्याला पुस्ती होती: आजारपण असेल किंवा कातायची इच्छा नसेल तर दुसऱ्याने कातलेले सूत दिले तरी चालेल. मग व्हायचे तेच झाले, आणि १९२५ साल संपायच्या आत चार आण्यांच्या वर्गणीचा मार्ग पुन्हा खुला करावा लागला. ज्या कुणी त्या सभासदांसाठी पडद्याआड टकळी फिरवली असेल, त्यांची नावे कुठल्या ठरावात नाहीत.

म्हणून माझी मागणी सक्तीची नाही. येत्या संमेलनात तो कंस तेवढा काढावा. स्पर्धेऐवजी दोन्ही विभागांनी मिळून एकच वाकळ शिवावी, कन्नडची मंडळी एका कडेने, मराठीची दुसऱ्या कडेने, आणि सिद्दी पद्धतीने मध्याकडे यावे. खानापूरकडच्या जाणत्या बायकांना शिकवायला बोलवावे आणि बाहेरगावच्या वक्त्याला आपण जे मानधन व प्रवासखर्च देतो तेवढेच त्यांनाही द्यावे. ह्या शेवटच्या कलमावर मी अडून बसणार आहे. किती तास लागले, किती दोरा गेला ह्याची नोंद बी. कॉम.च्या मुलांनी ठेवावी. दोन सुती लुगडी आणि वडिलांची चार धोतरे मी आणून देतो. सुया मात्र ज्याने त्याने घरून आणाव्यात, आणि आईला विचारून आणाव्यात.