श्यामची आई : वाचलेली आणि पाहिलेली

गतवर्षी पावसाळ्यातील एका शनिवारी आमच्या शाळेच्या सभागृहात ‘श्यामची आई’ हा १९५३ सालचा चित्रपट मुलांस दाखविण्यात आला. बाहेर पावसाची झोड, दारूखान्याकडून येणारा लोखंडाचा ठणठणाट, मधूनच रे रोड स्थानकात शिरणाऱ्या गाडीची घरघर. परंतु आत एकही मूल चुळबुळ करीत नव्हते. चित्रपट संपला तेव्हा पुष्कळांचे डोळे ओले होते, आणि आमचेही कोरडे नव्हते. पुढे सहामाही परीक्षेत सातवीच्या वर्गास ‘श्यामची आई’ या पुस्तकातील आवडलेल्या प्रसंगाविषयी लिहावयास सांगितले, तेव्हा कित्येकांनी छडीच्या गाण्याचे मोठ्या उत्साहाने वर्णन केले. आता ते गाणे पुस्तकात मुळीच नाही! ते आचार्य अत्रे यांनी चित्रपटासाठी रचले आणि वसंत देसाई यांनी त्यास चाल दिली. गुण कापावे लागले याचे आम्हास फारसे वाईट वाटले नाही. पुस्तक उघडावयाची काही गरज उरली आहे असे त्या मुलांस वाटतच नव्हते, याचे वाटले.

यावरून चित्रपटाशी आमचे वाकडे आहे असे मात्र कोणी समजू नये. १९५४ साली राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार प्रथमच देण्यात आले, त्या वेळी राष्ट्रपतींचे सुवर्णपदक ह्याच मराठी चित्रपटाने मिळविले. ज्या वनमालाबाई १९४१ साली सोहराब मोदींच्या ‘सिकंदर’मध्ये झळकल्या, त्यांनीच येथे कोकणातील दरिद्री घरची माउली अशी काही उभी केली की, पुढे पुस्तक वाचणाऱ्यासही त्यांचाच चेहरा दिसू लागला. माधव वझे यांचा श्यामही तसाच, गोड आणि हट्टी. शिवाय अत्रे विनोदाचे धनी. गुरुजींच्या पुस्तकात अश्रू फार आहेत, आणि प्रकरणाच्या शेवटी बोध सांगण्याची त्यांस सवय आहे, हे त्यांच्या भक्तांनीही मान्य करावयास हरकत नाही. त्या ओलाव्यात अत्र्यांनी मुलांस पोट धरून हसावयास लावले, ही सेवा लहान नव्हे. गुरुजींनी हा चित्रपट पाहिला नाही. ११ जून १९५० रोजीच ते आपल्यातून गेले होते.

मग पुस्तकात असे काय आहे, जे पडद्यावर हाती लागत नाही? आमच्या मते, ते म्हणजे सांगणारा श्याम. फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत हे पुस्तक लिहून झाले, आणि १९३५ साली ते प्रसिद्ध झाले. त्याची रचना बेचाळीस रात्रींची. रोज रात्री मोठा झालेला श्याम आपल्या मित्रांस आईची एकेक आठवण सांगतो. मित्र मधूनच प्रश्न करतात, कोणी उसासा टाकतो, आणि श्याम स्वतःस दोष देत पुढे जातो. आई आता नाही, हे त्यास आणि आपणास पहिल्या रात्रीपासून ठाऊक असते. पडद्यावर मात्र सांगणारा मागे पडतो व घडणारे पुढे येते. त्यामुळे चित्रपट पाहून आपण आईसाठी रडतो. पुस्तक वाचून आपणास आपलीच लाज वाटू लागते. कालच आपण आईस उलट बोललो, हे आठवते. ह्या दोन अश्रूंत खचित अंतर आहे.

अळणी भाजीची गोष्ट घ्या. कामाच्या धांदलीत आई भाजीत मीठ घालावयास विसरते. वडील चकार शब्द न काढता जेवून उठतात. तिच्या कष्टांवर विरजण कशाला घालावयाचे, म्हणून. आई सर्वांच्या मागून जेवावयास बसते तेव्हा तिला कळते आणि तिचा जीव कळवळतो. मिठाची उणीव पडद्यावर दिसत नाही. ती सांगावीच लागते, आणि जेवणाऱ्याच्या मनात शिरून सांगावी लागते.

दुसरे असे की, चित्रपट पाहून आलेल्या मुलांच्या मनात देव्हाऱ्यातली आई राहते. पुस्तकातली आई संतापते. पोहण्याच्या भीतीने लपून बसलेल्या श्यामला ती चांगला चोप देऊन घराबाहेर काढते. सावकाराचा माणूस दारात येऊन अद्वातद्वा बोलतो तेव्हा ती वाघिणीप्रमाणे बाहेर येते. तापाने फणफणत असता काम करते आणि कधी कधी निराशही होते. आमच्या शाळेतील मुलांच्या आया ओळखीच्या वाटतील त्या ह्या आईच्या. त्यांतील कित्येक पहाटे उठून, डबे भरून, हार्बरची गाडी गाठतात. संध्याकाळी दमून एखादा धपाटाही घालतात. अशा आईची तुलना मुलाने पडद्यावरील माउलीशी केली तर तो तिच्यावर अन्यायच करील.

आमच्या मुलांच्या आजोबा-पणजोबांपैकी पुष्कळजण बोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरून या भागात स्थायिक झाले. पालगड, दापोली, हर्णै ही नावे त्यांस परकी नव्हती. (शेजारून जाणाऱ्या रस्त्यास ज्यांचे नाव दिले आहे, ते बॅरिस्टर नाथ पै वेंगुर्ल्याचे, आणि गुरुजींच्या जिव्हाळ्याच्या राष्ट्र सेवा दलाचेच.) असे असता त्याच मातीतील पुस्तक घरात बंद राहावे आणि त्याचे तुकडे मुलाने दूरध्वनीच्या चार बोटे पडद्यावर पाहावेत, हे आम्हास रुचत नाही. २०२३ साली सुजय डहाके यांनी याच पुस्तकावर नवा कृष्णधवल चित्रपट काढला. त्यात ओम भूतकर यांच्या रूपाने प्रौढ साने गुरुजी समोर येतात. तोही मुलांस अवश्य दाखवावा, पण मागाहून.

पालकांस आमची विनंती एवढीच की, जेवणे आटोपल्यावर रोज एक रात्र मोठ्याने वाचावी. वाचणारे मूल असो वा आई, ऐकणारे कोणीतरी समोर बसलेले असावे. पुस्तक त्यासाठीच तसे लिहिले आहे. दीड महिन्याच्या आत ते संपते. शाळेच्या ग्रंथालयातील प्रती सुट्टीत घरी नेण्यास मिळतील. पाने जपून उलटावीत, कारण त्यांतील एकीची शिवण सैल झाली आहे.