‘इतर’ या रकान्यातली माणसे

जनगणनेची अधिसूचना १६ जून २०२५ रोजी निघाली आणि देशाच्या बहुतेक भागासाठी १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख ठरली. लिंगाच्या प्रश्नात पारलिंगी आणि नॉनबायनरी व्यक्तींची नोंद कशी करायची, हा सर्वेक्षकांपुढचा जुना प्रश्न त्यामुळे पुन्हा उभा राहिला आहे. आजवर अशा व्यक्तींची व्याख्या पोलिसांनी केली, डॉक्टरांनी केली, कायदेमंडळाने केली. ज्याची नोंद व्हायची त्याला विचारण्याची पाळी फार उशिरा आली.

१८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या दुसऱ्या भागात ‘युनक’ म्हणजे नपुंसकत्व स्वतः कबूल करणारा, किंवा वैद्यकीय तपासणीत तसा दिसणारा पुरुष, अशी व्याख्या होती. हैदराबाद संस्थानाने फसली १३२९ च्या, म्हणजे १९१९ च्या सुमाराच्या कायद्यात ती जवळपास तशीच उचलली. आजच्या कोरपना तालुक्याचा मुलूख तेव्हा राजुऱ्याबरोबर आदिलाबाद जिल्ह्यात, निजामाच्या अमलाखाली होता. चंद्रपूर जिल्ह्याला तो १९५९ मध्ये जोडला गेला. निजामाच्या त्या कायद्यान्वये हैदराबाद शहरातील आणि सरकार अधिसूचित करील त्या ठिकाणच्या संशयितांची नावे-पत्ते नोंदवहीत घालायचे होते. नोंदवहीतला माणूस बायकी पोशाखात किंवा दागिने घालून रस्त्यावर दिसला तर त्याला वॉरंटाशिवाय अटक करता येत असे. सीमेपलीकडे हा कायदा इतका टिकला, की तेलंगण उच्च न्यायालयाला जुलै २०२३ मध्ये तो घटनाबाह्य ठरवावा लागला. सरकारची पहिली पद्धतशीर यादी संशयितांची होती, हे वही घेऊन दारात जाणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावे.

वैद्यकशास्त्र त्या मानाने लवकर सुधारले. अमेरिकन मनोविकारसूचीने २०१३ मध्ये लिंगओळखीच्या निदानातून ‘विकार’ हा शब्द काढला. जागतिक आरोग्य संघटनेची अकरावी रोगसूची १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली, आणि तिने हा विषय मानसिक आजारांच्या प्रकरणातून उचलून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात नेला.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या १५ एप्रिल २०१४ च्या ‘नालसा’ निकालाने स्वतःची लिंगओळख ठरवण्याचा अधिकार व्यक्तीला दिला. पारलिंगी व्यक्तींच्या हक्क संरक्षणाच्या २०१९ च्या कायद्याने व्याख्येत ट्रान्सपुरुष, ट्रान्सस्त्री, आंतरलिंगी आणि जेंडरक्वीअर व्यक्तींबरोबर किन्नर, हिजडा, अरवाणी, जोगता यांचाही समावेश केला. हक्कांसाठी अशी मोट बांधणे योग्यच होते, पण अभ्यासकाला ती जशीच्या तशी चालणार नाही. आंतरलिंगी असणे ही शरीराची बाब आहे, ट्रान्सपुरुष असणे ही ओळखीची, आणि जोगता असणे यल्लम्माच्या परंपरेतली. हिजडा समुदायातल्या गुरूंच्या ओळखीने, त्यांच्या डेऱ्याडेऱ्यांतून नमुना गोळा केला तर ट्रान्सपुरुष आणि नॉनबायनरी माणसे त्यात येतच नाहीत. तरी अनेक पाहण्या अजून तशाच होतात.

व्याख्येचा प्रत्यक्ष परिणाम जळगाव जिल्ह्यातील भादली बुद्रुक येथे दिसला. अंजली पाटील यांनी महिलांसाठी राखीव जागेवर भरलेला ग्रामपंचायतीचा अर्ज निवडणूक अधिकाऱ्याने फेटाळला. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जानेवारी २०२१ मध्ये त्यांची स्त्री म्हणून ओळख मान्य केली. त्या उभ्या राहिल्या आणि निवडून आल्या.

खरी तक्रार आहे ती २०११ च्या जनगणनेच्या आकड्यांची. त्या वर्षी पुरुष १, स्त्री २ यांच्या जोडीला ‘इतर’साठी ३ हा संकेतांक आला. देशात अशा नोंदी ४,८७,८०३ झाल्या, महाराष्ट्रात ४०,८९१. पारलिंगींची वेगळी माहिती गोळा केलेली नाही, ‘इतर’ सांगणारा कोणीही त्यात असू शकतो, असे जनगणना कार्यालयानेच स्पष्ट केले आहे. तरीही प्रबंधांत, प्रकल्प अहवालांत आणि सरकारी टिपणांत हा आकडा ‘तृतीयपंथींची लोकसंख्या’ म्हणून बिनदिक्कत छापला जातो. त्यातली ५४,८५४ मुले शून्य ते सहा वर्षांची होती. एवढ्या लहान मुलाने स्वतःची लिंगओळख प्रगणकाला सांगितलेली नाही. म्हणजे एकूण आकड्यातला अकरा टक्क्यांहून जास्त भाग दुसऱ्या कोणाच्या तरी उत्तराचा आहे. दुसरीकडे ज्या ट्रान्सस्त्रीने ‘स्त्री’ सांगितले ती त्या रकान्यात नाहीच. आणि मुख्य तक्त्यांत ‘इतर’ची बेरीज पुरुषांत करून टाकली. स्वतंत्र रकाना देऊन पुन्हा पुरुषांत मिळवायचे, तर विचारले कशाला?

या चुका अधिसूचनेने सुधारत नाहीत, दारात सुधारतात. कोरपन्यात एकाच फेरीत मराठी, तेलुगू, गोंडी आणि कोलामी बोलणारी घरे लागतात. कुटुंबप्रमुख सगळ्यांच्या वतीने भराभर उत्तरे देतो, आणि घर सोडून गडचांदूरच्या सिमेंट कारखान्याच्या वसाहतीजवळ भाड्याने राहणाऱ्याचे नावही काढत नाही. प्रगणकाने पोशाखावरून, आवाजावरून रकाना भरू नये. प्रमाणपत्र मागू नये. शक्य तिथे त्या व्यक्तीलाच, चारचौघांत नव्हे, विचारावे. १९४८ च्या जनगणना कायद्याने ही माहिती गोपनीय आहे, हे प्रश्नाआधी सांगावे. संस्थांनी स्वतःच्या पाहण्यांत दोन प्रश्न ठेवावेत: जन्माच्या वेळी नोंदवलेले लिंग आणि आजची ओळख. तालुक्याच्या प्रगणक प्रशिक्षणात यासाठी वेळ राखून ठेवण्याची लेखी मागणी वाचकांनी आपापल्या तहसीलदारांकडे याच महिन्यात करावी, आणि मागणीत २०११ चा आकडा पारलिंगींची संख्या म्हणून लिहू नये.