नाइटिंगेलचे गाणे आणि टॉर्पेडो

आपल्या शाळेत संगीत म्हणजे बँड आणि बँड म्हणजे परेड, एवढेच समीकरण आहे. माझ्या मते प्रत्येक कॅडेटने एनरिके ग्रानादोस या स्पॅनिश संगीतकाराची ‘तरुणी आणि नाइटिंगेल’ ही पियानोरचनाही एकदा ऐकावी. १९११ च्या ‘गोयेस्कास’ या मालिकेतली ही रचना. एका लोकगीताच्या चालीवर तरुणी आपले दुःख आळवते. शेवटी पक्षी उत्तर देतो आणि उंच स्वरांतली त्याची लकेर तेवढी उरते.

ग्रानादोस यांनी ही रचना पत्नी आंपारो यांना अर्पण केली होती. २४ मार्च १९१६ रोजी दोघे अमेरिकेहून मायदेशी परतत होते. इंग्लिश खाडीत त्यांच्या ‘ससेक्स’ या प्रवासी बोटीवर जर्मन पाणबुडीने टॉर्पेडो डागला. दोघेही बुडाले. बोट सुरुंग पेरणारी वाटली, असा खुलासा नंतर झाला.

अशा हळव्या संगीताने सैनिक मऊ पडेल, असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. उद्या शस्त्र आपल्या हाती येणार आहे. नेम धरण्याआधी समोर कोण आहे हे नीट ओळखणे, हेही सैनिकाचेच काम. बँडच्या तासातली काही मिनिटे या रचनेला जरूर द्यावीत.