शिक्षणाची पहिली पायरी तिसऱ्या वर्षी

समाजात शिक्षणाचा विषय निघाला की चर्चा थेट दहावीचा निकाल, शिष्यवृत्ती आणि राखीव जागांवर येते. हे प्रश्न मोलाचे आहेतच. पण पहिलीच्या वर्गातच मागे पडलेले आपले लेकरू राखीव जागेच्या दारापर्यंत पोहोचणार कसे, हा आमचा सवाल आहे.

१९५० साली औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने महाविद्यालय काढले. नागसेनवनातून मराठवाड्याच्या पिढ्या घडल्या. त्या नागसेनवनाची वाट वस्तीतल्या अंगणवाडीपासून सुरू होते.

ही निव्वळ भावनेची गोष्ट नाही. अमेरिकेत मिशिगन राज्यातील यप्सिलँटी गावी १९६२ ते १९६७ या काळात १२३ गरीब कृष्णवर्णीय मुलांवर पेरी बालशाळेचा प्रयोग झाला. तीन-चार वर्षांच्या वयात ५८ मुलांना बालशाळा मिळाली, ६५ जणांना मिळाली नाही. ती मुले चाळिशीत पोहोचली तेव्हा पुन्हा पाहणी झाली. बालशाळेत गेलेल्यांपैकी ६५ टक्क्यांनी माध्यमिक शिक्षण पूर्ण केले होते, तर न गेलेल्यांपैकी ४५ टक्क्यांनी. पाच किंवा अधिक वेळा अटक झालेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ३६ आणि ५५ टक्के होते. बुद्ध्यांकातील वाढ काही वर्षांत ओसरली. पण चिकाटी आणि शिकण्याची गोडी आयुष्यभर कामी आली. वंशभेदाने पिचलेल्या समाजाला जे लाभले, ते जातिभेदाने पिचलेल्यांना का लाभू नये?

आता कायद्याकडे वळू. राज्यघटनेच्या मूळ कलम ४५ मध्ये चौदा वर्षे पूर्ण होईपर्यंत सर्व बालकांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचे निर्देश होते. ‘सहाव्या वर्षापासून’ अशी अट त्यात कुठेच नव्हती. २३ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत ही तरतूद प्राथमिक शिक्षणापुरती मर्यादित करण्याची सूचना आली. बाबासाहेबांनी ती मान्य केली नाही. चौदा वर्षांखालील मुलाला कारखान्यात राबवायचे नसेल, तर त्याची जागा शाळेतच असली पाहिजे, हा त्यांचा युक्तिवाद होता. १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने उन्नीकृष्णन खटल्यात चौदा वर्षांपर्यंतचे शिक्षण मूलभूत हक्क ठरवले.

मग २००२ साली ८६ वी घटनादुरुस्ती झाली. मूलभूत हक्क सहा ते चौदा वयापुरता उरला आणि सहा वर्षांखालील बालके निर्देशक तत्त्वांत ढकलली गेली. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम ११ सांगते की तीन ते सहा वयाच्या मुलांसाठी शासन व्यवस्था ‘करू शकेल’. ‘करील’ आणि ‘करू शकेल’ यांतला फरक वकिलाला विचारा! पैसेवाल्याचे मूल तिसऱ्या वर्षी फी भरून नर्सरीत जाते. ऊसतोड कामगाराचे मूल त्याच वयात आईबापांबरोबर फडावर असते. दोघे पहिलीत एकाच बाकावर बसले तरी शर्यत बरोबरीची नसते.

२ ऑक्टोबर १९७५ पासून देशात अंगणवाडी योजना आहे. तिथली सेविका तुटपुंज्या मानधनावर खिचडीपासून नोंदवहीपर्यंत सारे ओढते. तिच्या मानधनासाठी लढणे हे आपल्या लेकरांच्या शिक्षणासाठीच लढणे आहे. १३ डिसेंबर २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला होता की, ज्या वस्तीत सहा वर्षांखालील किमान चाळीस मुले आहेत आणि अंगणवाडी नाही, तिथे मागणी केल्यापासून तीन महिन्यांत ती द्यावी. अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्यांना प्राधान्य द्यावे.

म्हणून कार्यकर्त्यांनी वस्तीतली मुले मोजावीत, त्या आदेशाचा दाखला देऊन लेखी मागणी करावी आणि अर्जाची पोच घ्यावी. अंगणवाडी असेल तर तिथे फक्त खाऊ मिळतो की गाणी, गोष्टी, खेळही होतात, हे आयांनी जाऊन पाहावे. रविवारच्या वंदनेनंतर आठवडाभर कुलूप लागणारे विहार सकाळी तीन तास बालवाडीसाठी उघडावे. आणि तीन ते सहा वयाचा हक्क कलम २१-अ मध्ये यावा, ही मागणी प्रत्येक उमेदवारापुढे ठेवावी. मत मागायला तो आपल्या वस्तीत येणारच आहे.