पावकी-निमकी आणि संगणकाचा हिशेब

संगणक हिशेबांत कधींच चुकत नाहीं, असा समज विद्यार्थ्यांत व त्यांच्या पालकांतही रूढ होऊं पाहत आहे. तो किती सावधपणें स्वीकारावा, याविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पायथन या संगणकाच्या भाषेंत ०.१ व ०.२ यांची बेरीज करून पाहावी. उत्तर ०.३ न येतां ०.३०००००००००००००००४ असें येतें! हा यंत्राचा बिघाड नव्हे. यंत्र ० व १ या दोनच अंकांनीं गणित करतें. म्हणून निम्म्याचें निम्में करीत जे अपूर्णांक मिळतात, तेच त्यास तंतोतंत मांडतां येतात. एक-दशांशाची मांडणी, आपल्या एक-तृतीयांशाच्या ०.३३३ प्रमाणें, संपतच नाहीं; ती कोठें तरी तोडावी लागते. आमच्या आजोबांची पावकी, निमकी, पाऊणकी यंत्रास बिनचूक साधते. सोळा आण्यांचा रुपयाही साधला असता. १ एप्रिल १९५७ पासून शंभर पैशांचा झालेला रुपया मात्र साधत नाहीं.

पूर्णांकांची गोष्ट निराळी. पायथनमध्यें ते कितीही मोठे असले तरी बिनचूक राहतात. परंतु भागाकारांत भाषेचा नियम जाणला पाहिजे. ७ भागिलें २ याचें उत्तर पायथनची आजची आवृत्ति ३.५ देते, 'सी' भाषा मात्र दोन्ही संख्या पूर्णांक पाहून ३ देते व अर्धा टाकून देते.

तेव्हां कोणती संख्या कोठें वापरावी, हें ठरविणें माणसाचें काम आहे. १९८९ सालीं सुरू झालेल्या आपल्या न्हावाशेवा बंदरांत कंटेनर मोजावयाचे ते पूर्णांकांतच. साडेतीन कंटेनर जहाजावर चढत नाहींत. उरणच्या मिठागरांचें मीठ तोलतांना अपूर्णांक हवाच, व तेथें अब्जांशाची चूक क्षम्य आहे. पैशांत ती क्षम्य नाहीं. म्हणून रुपयांचे पैसे करून हिशेब पूर्णांकांतच ठेवावा, असें आमचें स्पष्ट मत आहे.

ही चूक क्षुल्लक मानूं नये. आखाती युद्धांत, २५ फेब्रुवारी १९९१ रोजीं, सौदी अरबस्तानांतील दहरान येथें पेट्रियट क्षेपणास्त्रांच्या संगणकानें एक-दशांश सेकंद असाच तोडून मोजला होता. शंभर तासांत चूक साठत सेकंदाच्या सुमारें तृतीयांशावर गेली; शत्रूचें क्षेपणास्त्र अडविलें गेलें नाहीं, आणि २८ सैनिक प्राणांस मुकले.

अल्प गोष्टींतही प्रामाणिक राहावें, ही आपल्या शाळेची शिकवण आहे. गणितासही ती लागू पडते. विद्यार्थ्यांनीं यंत्राचें उत्तर हातीं येतांच ताळा पाहावा. आणि पालकांनीं पावकी-निमकी घरांत विसरूं देऊं नये.