कर्वे रस्त्याचे दुसरे टोक

कोथरूडला राहणाऱ्या माणसाच्या तोंडी 'कर्वे' हे नाव दिवसातून चार वेळा तरी येतेच. कर्वे रस्ता, कर्वे पुतळा, कर्वेनगर. रिक्षावाल्याला पत्ता सांगताना आपण ते उच्चारतो आणि विसरतो. ज्यांच्या नावाचा हा रस्ता, ते महर्षी धोंडो केशव कर्वे जिथे वाढले, ते मुरूड गाव पाहण्याचा योग मध्यंतरी आला. हे जंजिऱ्याचे मुरूड नव्हे; रत्नागिरी जिल्ह्यातले, दापोली तालुक्यातले. चांदणी चौक मागे टाकून ताम्हिणी घाट उतरले, की पाच-सहा तासांत माणूस तिथे पोचतो.

गाव मोठे देखणे आहे. मधून रस्ता, दोन्ही अंगांना नारळी-पोफळीच्या वाड्या, वाड्यांच्या सावलीत घरे आणि पलीकडे समुद्र. गावात दुर्गादेवीचे जुने देऊळ. त्याच्या कोरीव लाकडी खांबांना टेकून बसले की उठावेसे वाटत नाही. पुण्याहून गेलेल्या आम्हा सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य होते, "किती शांत आहे नाही!"

पण गावातून पायी हिंडताना या शांततेची दुसरी बाजूही दिसू लागते. कुणाचे दार बंद, कुणाच्या अंगणात पाचोळा साचलेला. घरची माणसे पुण्या-मुंबईला. गणपतीला किंवा मे महिन्यात येणार. आपल्याला जी शांतता सुखावते, तिच्यातला बराचसा वाटा उठून गेलेल्या माणसांचा आहे. कोकणातल्या किती तरी गावांची हीच कथा आहे, आणि ती आजची नाही.

कर्व्यांचेच पाहा ना. १८७५ साली, सतरा वर्षांचा हा मुलगा परीक्षेला बसण्यासाठी मुरूडहून साताऱ्याला पायी गेला. शंभराहून अधिक मैलांची वाट, मध्ये कुंभार्लीचा घाट. तिथे पोचल्यावर, वयाने लहान दिसतो म्हणून त्याला परीक्षेला बसू दिले नाही. शिक्षण हवे तर घर सोडावे लागे, असा तो काळ. पुढे १८९३ साली कर्व्यांनी विधवेशी विवाह केला, तेव्हा याच देखण्या गावाने त्यांच्यावर बहिष्कार टाकला. घरच्यांनी त्यांना थारा दिला तर त्यांनाही वाळीत टाकण्याचे ठरले. त्या कर्व्यांनी १८९६ साली पुण्यात विधवांसाठी आश्रम काढला, १९०० साली तो हिंगण्याच्या माळावर नेला आणि १९१६ साली महिला विद्यापीठ उभे केले. गावाने नाकारलेले काम कोथरूडच्या शेजारी रुजले.

तेव्हा खेड्यातली शांतता म्हणजे केवळ सुख नव्हे. ती कधी माणसाला दाबूनही ठेवते. मला विशेष वाटते ते पुढचे. कर्व्यांनी मुंबईत शिक्षकी करीत असताना 'मुरूड फंड' सुरू केला होता. गावाबाहेर पडून मिळवत्या झालेल्यांनी कमाईतला थोडा वाटा गावाच्या कामासाठी द्यावा, ही त्यामागची कल्पना. बहिष्कारानंतरही त्यांच्या मनातून गाव गेले नाही. १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'आत्मवृत्ता'त मुरूडविषयी त्यांनी आपुलकीनेच लिहिले आहे.

आज आपण शनिवारी निघतो, रविवारी परततो. समुद्र पाहतो, देवीपुढे हात जोडतो, माशांवर किंवा मोदकांवर ताव मारतो. यात गैर काही नाही. पाहुण्यांमुळे गावातल्या चार घरांत पैसा येतो, आणि एखादा तरुण मुंबईची गाडी न पकडता गावातच राहतो. पण ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ आले, तेव्हा दापोलीच्या किनाऱ्यावरच्या कित्येक वाड्या आडव्या झाल्या. पोफळीचे नवे रोप लावले तर ते फळाला यायला पाच-सात वर्षे लागतात. आपण ज्या सावलीत खुर्ची टाकून बसतो, ती कुणीतरी इतकी वर्षे पाणी घालून वाढवलेली असते, हे ध्यानात ठेवायला हवे.

मग करायचे काय? फार मोठे काही नाही. गावातल्याच कुणाच्या घरी उतरावे. कोकम, सुपारी, कुळथाचे पीठ तिथूनच घ्यावे, आणि घासाघीस करू नये. पुळणीवर गाडी घालू नये, प्लास्टिक मागे ठेवू नये. मुलांना गावची शाळा दाखवावी, जमल्यास तिथल्या वाचनालयाला चार पुस्तके द्यावीत. आणि ज्यांचे मूळ घर कोकणात आहे, त्यांनी वर्षातून एकदा तरी ते उघडावे, कौले शाकारून घ्यावीत, देवीच्या उत्सवात नुसती वर्गणी न पाठवता चार दिवस राबावे. कोथरूडमध्ये अशी घरे शोधायला लांब जावे लागणार नाही.

देवदर्शनाला जाताना रिकाम्या हाताने जाऊ नये, असे आपल्याकडे म्हणतात. ज्या गावात तो देव आहे, त्या गावालाही हा नियम लागू करायला हरकत नाही.